पोह्यांच्या रॅकवर लागलेलं घड्याळ

इकडे या पाहू सगळे. असे जवळ बसा. आणि ते बोट जरा थांबवा, फोनवर वर-खाली वर-खाली... मी काही पळून जात नाहीये. मागच्या खेपेला मी इथे गुळाच्या पोळीचं सारण कोरडं का पडतं ते एवढं सविस्तर लिहिलं, तर दोन अंगठे आले. त्यातला एक माझ्याच मुलाचा, ज्याला मराठी वाचता येत नाही. आणि कोणी म्हणालं की आमच्या आत्याला विहिरीवर बाई दिसली, की तुम्ही झाडून सगळे हजर — मग काय झालं, मग काय झालं. लबाड आहात. मंडळाच्या कोजागिरीला बोलावलं की मात्र ट्रॅफिक असतो.

तर आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. कधीच नव्हता. मिरजेला आमच्या गल्लीच्या टोकाला चिंच होती, तिच्याखाली काहीतरी आहे म्हणायचे. मी त्याच चिंचेखालच्या गाभुळलेल्या चिंचा मीठ लावून खाल्ल्यात आणि मला कधी साधा खोकलाही झाला नाही. मी फार शिकलेली नाही. मॅट्रिक झाले आणि लग्न होऊन इकडे आले. इंग्रजी शिकले ते लायब्ररीतल्या लहान मुलांच्या पुस्तकांवरून, गाडी यांनी शिकवली — ओरडून — आणि बाकीचं सगळं धडपडत. पण धडपडत शिकलेल्या माणसाचं एक असतं, जे हातात घेऊन बघितलं तेच खरं मानायचं. म्हणून तर हे लिहायला मला अवघड जातंय. कारण हे मी हातात घेऊन बघितलंय.

आम्ही ओहायोत, डब्लिनला राहतो. राहतो म्हणजे... आता मी राहते. अजून जीभ वळत नाही.

घर जुनंच. बाहेरून सगळीकडून ॲल्युमिनियमचं साइडिंग, म्हणजे भिंतींवर ठोकलेले पत्रे, खाली बेसमेंट. बेसमेंटला जिन्याखालच्या कोपऱ्यात माझं कोठार आहे — एक लोखंडी रॅक, त्यावर स्टीलचे डबे ओळीने. तांदूळ, डाळी, रवा, पोहे. हे डबे मी मिरजेहून प्रत्येक खेपेला एकेक करून आणले, आत साड्या कोंबून, म्हणजे जागा वाया जायला नको. हे म्हणायचे, "अमेरिकेत प्लॅस्टिक मिळत नाही का गं?" मी म्हणायचे, मिळतं, पण त्याचं झाकण असं घट्ट लागत नाही. हे डब्याचं नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता घड्याळ. आमचे हे रिटायर झाले तेव्हा त्यांनी स्वतःलाच भेट म्हणून एक घड्याळ घेतलं. ॲटॉमिक क्लॉक म्हणतात त्याला. मोठे आकडे, खाली तारीख. त्याच्या पोटात रेडिओ असतो. तिकडे कोलोरॅडोत एक स्टेशन आहे, तिथून सारखी वेळ सांगत असतात, आणि हे घड्याळ ती ऐकून स्वतःला बरोबर करून घेतं. ऐकू आलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात एक इवलासा मनोरा उमटतो.

खोक्यातून काढलं आणि मला म्हणाले, "सुधा, आपल्या लहानपणी घड्याळ लावायला लागायचं. रेडिओवर बातम्यांच्या आधी पिक् पिक् वाजलं की आमचे नाना किल्ली धरून उभे राहायचे. हे लावायचं नाही. हे आपलं आपण लागतं."

लागतं कसलं. आमच्या घरात ते कधी लागलंच नाही.

खिडकीत ठेवून झालं. कोलोरॅडो पश्चिमेला म्हणून पश्चिमेच्या खिडकीत ठेवून झालं. फ्रिजपासून लांब, टीव्हीपासून लांब, मायक्रोवेव्हपासून लांब. माझ्या देवघरात गणपतीच्या शेजारीसुद्धा आठवडाभर बसलं ते. शेवटी हेच म्हणाले की हे ॲल्युमिनियमचं साइडिंग म्हणजे घराला घातलेलं चिलखत आहे, आत काही शिरत नाही. पण सोडलं नाही त्यांनी. सकाळी दात घासायच्या आधी घड्याळाकडे. मी चहा टाकता टाकता विचारायची, "लागलं का?" आणि हे आतून म्हणायचे, "नाही अजून." आमच्याकडे 'गुड मॉर्निंग' नव्हतं, हेच होतं.

बाजूला बटणं होती, हातानं वेळ लावता आली असती. पण नाही. "हातानं लावलं तर मग साधं घड्याळ काय वाईट होतं?" त्यामुळे सेल घातला त्या क्षणी बारा धरून ते आपलं मनानेच चालत होतं. दुपारी चारला पहाटेचे पावणेदोन. तारीख कुठल्या तरी जानेवारीची. पाहुणे हसायचे. निखिल — आमचा मुलगा, कॅलिफोर्नियात सनीव्हेलला असतो — तो म्हणायचा, "बाबा, जस्ट लुक ॲट युअर फोन ना."

"फोनला कोणीतरी सांगतं, मग तो मला सांगतो," हे म्हणायचे. "मला थेट ऐकायचंय."

मग यांचं विसरणं सुरू झालं.

त्याचं मी फार लिहीत नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी घरी बघितलंय, आणि ज्यांनी नाही बघितलं त्यांना सांगून कळत नाही. आधी चष्मा, मग गाडीचा रस्ता, मग माणसं. निखिल फोनवर आला की याला कुठेतरी बघितलंय असा चेहरा करायचे, आणि सभ्यपणे हवापाण्याचं विचारायचे. आणि एक दिवस मला 'आपण' म्हणायला लागले. "आपल्याला माझ्यामुळे फार त्रास होतो." "आपण जेवलात का?" लग्न झाल्यापासून ज्या माणसानं 'अगं' नाहीतर 'सुधा' यापलीकडे हाक मारली नाही, त्याच्या तोंडून 'आपण'. शिवी दिली असती तरी चाललं असतं मला.

पण घड्याळ आठवत होतं. सगळं गेलं आणि ते राहिलं. दिवसभर छातीशी धरून या खोलीतून त्या खोलीत. एका थंडीत सकाळी मी आंघोळीला गेले आणि हे दार उघडून बाहेर. पायात नुसते मोजे, अंगात पायजमा, हातात घड्याळ. कोपऱ्यावरच्या बार्बरानं हाताला धरून परत आणलं. म्हणाली, "हनी, ही सेज ही इज लुकिंग फॉर कोलोरॅडो." हसायचा प्रयत्न करत होती बिचारी, पण तिचे डोळे भरले होते.

त्या दिवशी मी ते घड्याळ लपवलं. दुसरं काय करणार होते, सांगा. सेल काढून ठेवणार होते, पण चालतं घड्याळ आपल्या हातानं बंद करायला धजेना... आता तुम्ही म्हणाल, काकू, तुमचा तर विश्वास नाही. नाहीच आहे. पण बंद घड्याळ घरात ठेवू नये म्हणतात तर कशाला ठेवा. म्हणून तसंच चालू, एका टॉवेलात गुंडाळलं, आणि बेसमेंटमध्ये पोह्यांच्या शेजारचा मोठा डबा रिकामा होता त्यात घालून वरून झाकण दाबून बसवलं. बेसमेंटच्या दाराला वर उंचावर कडी होती. यांनी जिन्यावरून पडू नये म्हणून आधीच लावून घेतलेली. ती कडी यांना कधी उघडता आली नाही, त्यामुळे खाली जायचा प्रश्नच नव्हता.

थोडे दिवस हे शोधत राहिले. उशीखाली, कपाटात. "लागलं का?" म्हणून मलाच विचारायचे. मग विचारायचे थांबले. तेव्हा मला हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची आता आठवण झाली की जेवण जात नाही मला.

आता ती सकाळ.

नोव्हेंबरमधला तो रविवार, इकडे थंडीसाठी सगळी घड्याळं एक तास मागे करतात ना, तो. सकाळीच, उजाडत होतं. मी ओट्यापाशी उभी. हे टेबलाशी बसलेले, रोजच्यासारखे, खिडकीकडे बघत. आणि पाठीमागून आवाज आला —

"लागलं वाटतं, सुधा."

मी हातातली पातेली तशीच धरून उभी. नाव घेतलं होतं. कितीतरी दिवसांनी.

"काय लागलं?"

"घड्याळ गं. खाली." आणि मग नेहमीच्या, अगदी नेहमीच्या आवाजात — "आज तास बदलला ना? तू मायक्रोवेव्हचं केलं नाहीस अजून."

मी मायक्रोवेव्हकडे बघितलं. खरंच केलं नव्हतं.

मी वळले. हे माझ्याकडे बघत होते. बघत होते म्हणजे *बघत* होते, तुम्हाला कसं सांगू. म्हणाले, "केस रंगवायचे सोडलेस वाटतं?"

"सोडले," म्हटलं. "कसे दिसतात?"

"बरे दिसतात. तुझ्या आईसारखी दिसतेस." मग जरा थांबून, "म्हणजे बरे नाहीच म्हणायचं." आणि हसले. सासूवरून चिडवायची खोड लग्नापासूनची.

निखिलचं विचारलं — त्याचा गुडघा बरा आहे का. निखिलचा गुडघा दुखावला होता त्याला किती दिवस झाले, मलाही आठवत नव्हतं. मी म्हटलं बरा आहे, पळतो आता. मग म्हणाले, "बस गं जरा."

ऐकलंत ना? "बस गं जरा."

आणि मी काय म्हणाले माहितीये? मी म्हणाले, "आले. पोहे करते, खाल ना?"

"करशील तर खाईन की," म्हणाले. "पण बस आधी."

"आलेच, खालून पोहे घेऊन येते."

पोहे निमित्त होतं हो. मला निखिलला फोन करायचा होता. माझ्या एकटीच्या ओंजळीत ते मावेना. बाबा बोलतायत, नावानं बोलतायत, चिडवतायत, हे त्याला ऐकवायचं होतं. आणि यांच्यासमोर फोन केला तर हे बावरतील, असं वाटलं. म्हणून कडी काढली, खाली गेले, आणि जिन्याखाली उभी राहून फोन लावत बसले. कॅलिफोर्नियात पहाट होती, अंधार. लागेना. वाजून वाजून बंद व्हायचा. परत लावला, परत तेच. एका हातानं फोन कानाला, दुसऱ्या हातानं रॅकवरचा डबा ओढला, पोह्यांचा समजून, आणि झाकण उचकटलं.

पोहे नव्हते. टॉवेल होता. घाईत शेजारचा डबा उघडला होता मी. टॉवेल बाजूला केला तर आत घड्याळ.

वेळ बरोबर होती. त्या दिवसाची तारीख. तास मागे केलेला. आणि कोपऱ्यात मनोरा.

मी फोनकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मिनिटाला मिनिट. तेवढ्यात फोन लागला. "आई? व्हॉट हॅपन्ड? इट्स लाइक... पहाट आहे आई. बाबा ओके?"

"बाबा बोलतायत," म्हटलं. "निखिल, बाबा बोलतायत. तुझा गुडघा विचारला."

"माझा गुडघा?" मग एकदम पूर्ण जागा झालेला आवाज. "गिव्ह हिम द फोन, आई. फोन दे त्यांना. आय वॉन्ट टु टॉक टु हिम."

मी धावले. माझ्या वयात जितकं धावतात तितकं. एका हातात फोन, कुशीत घड्याळ, पोहे खालीच राहिले. वर आले तर हे तसेच टेबलाशी. मी फोन पुढे केला आणि म्हटलं, "अहो, निखिल आहे. बोला त्याच्याशी."

यांनी माझ्याकडे बघितलं. अतिशय अदबीनं. खुर्चीतून अर्धवट उठलेसुद्धा, पाहुण्यासाठी उठतात तसे.

"आपण... कोण?"

फोनमधून आवाज येत होता, "हॅलो? बाबा? बाबा, इट्स मी." मी घड्याळ टेबलावर ठेवलं. वेळ बरोबरच होती. मनोरा मात्र गेला होता.

त्यानंतर हे पुन्हा तसे बोलले नाहीत. थंडी संपायच्या आधी गेले.

आता तुम्ही म्हणाल, काकू, असं होतं. डॉक्टरांनी पण सांगितलं, अशा आजारात मधेच एखादा तास लख्ख येतो, सगळ्यांनाच येत नाही, पण येतो. ते मी मान्य केलं. ते माझं कोडं नाहीच आहे. कोडं त्या डब्याचं आहे.

आमच्या इथे सुजाता आहे. नागपूरची, अँटेनाची इंजिनियर, दिवसभर हेच काम करते. बुद्धजयंतीला तिच्या घरची खीर खाल्लीय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी, तीच. तिला मी सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, हे होऊच शकत नाही ना."

"का नाही?"

"स्टीलचा डबा. घट्ट झाकण. लोखंडी रॅक. जमिनीच्या खाली. वरून तुमचं ते ॲल्युमिनियम. मला कोणी म्हटलं असतं ना, की सिग्नल अजिबात लागू नये अशी जागा दाखव, तर मी हीच दाखवली असती."

"पण लागलं."

"कोणी बटण दाबलं असेल."

"कोणी? मी आणि हे दोघंच होतो घरात. आणि बटणानं मनोरा येतो का?"

"नाही येत," ती म्हणाली. मनोरा फक्त सिग्नल ऐकल्यावरच येतो, हे तिनं पुस्तिकेत वाचून बघितलं. मग म्हणाली, "काकू, तुम्ही खरंच बघितला ना मनोरा? टेन्शनमध्ये होता तुम्ही."

"सुजाता, मी तांदळातला खडा चष्म्याशिवाय काढते."

मग ती हटून बसली. दुसरं तसलंच घड्याळ आणलं, त्याच डब्यात, त्याच टॉवेलात, त्याच रॅकवर ठेवलं. झाकण लावून, झाकण काढून. वर किचनमध्ये, देवघरात, सगळीकडे. एकदाही लागलं नाही. तिच्या घरी नेलं तर तिथे खिडकीत पहिल्याच रात्री लागलं, म्हणजे घड्याळ ठीक. शेवटी एका रविवारी चहा पिताना म्हणाली, "काकू, माझ्याकडे उत्तर नाही. आणि मला ते आवडत नाहीये." मी म्हटलं, मलाही नाही आवडत बाळा. बिस्कीट घे.

आणि एक मी तिलाही सांगितलं नव्हतं, इथे पहिल्यांदा लिहितेय. घड्याळ बेसमेंटमध्ये आहे हे यांना माहीतच नव्हतं. "खाली" म्हणाले ते. कसं म्हणाले? मी किती विचार केला. पोह्यांचं नाव मी नंतर काढलं. त्याच्या आधी म्हणाले.

असो.

घड्याळ आता किचनमध्ये भिंतीवर आहे. तेव्हापासून लागलेलं नाही. वसंतात सगळ्या घड्याळांचा तास पुढे गेला, त्याचा गेला नाही, कारण त्याला कोणी सांगितलंच नाही. ते उन्हाळाभर एक तास मागेच असतं. निखिल आला होता तेव्हा म्हणाला, "आई, मी सेट करून देऊ?" मी म्हटलं, हात लावायचा नाही. थंडी आली, तास बदलला, की ते आपलं आपण परत बरोबर होतं. त्याचा तो नोव्हेंबर तसाच आहे, आपणच फिरून फिरून त्याच्यापाशी येतो.

निखिल हल्ली रोज सकाळी फोन करतो. हॅलो म्हणत नाही. त्याच्या त्या मोडक्या मराठीत विचारतो, "लागला का?" मी म्हणते, 'लागलं' म्हण, 'लागला' नाही, घड्याळ 'ते' असतं. मग म्हणते, नाही अजून. त्यानं एकदाच बोलून दाखवलं, की त्या दिवशी फोन पहिल्या रिंगला उचलायला हवा होता मी. मी त्याला म्हटलं, तू झोपला होतास रे राजा. जागी तर मी होते.

तर असं आहे. कारण मला माहीत नाही, सुजाताला माहीत नाही. तुमच्यात कोणी शहाणं असेल तर त्यानं येऊन डबा बघावा, रॅक बघावा, टॉवेलही तोच ठेवलाय. पण इथे खाली चार ओळी लिहून मोकळे होऊ नका. या. लवकर या, आणि धावतपळत येऊ नका, राहायच्या तयारीनं या, कारण ते कधी लागेल ते सांगता येत नाही. टेबलापाशी नुसतं बसू, बोलू. पोहे तुम्ही यायच्या आधीच करून ठेवीन, म्हणजे मला मधे उठायला नको.